टाकी फुल्ल, तरी गाडी उपाशी

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांचा, राहायला कोल्हापूरच्या कळंब्यात, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. माझ्याकडे वडिलांची जुनी ३५० सीसीची, कार्बोरेटरवाली गाडी आहे. वडील १९ वर्षं तिच्यावर कामाला गेले. आता गुडघ्यामुळं त्यांना किक मारता येत नाही, म्हणून ती माझ्याकडं आली. रोज कंपनीत जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. दोन-तीनशेचं पेट्रोल टाकायचं आणि पळवायची. कधी त्रास नाही.

जानेवारीत आमच्या ग्रुपनं गगनबावड्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी राईड काढली. ४१ गाड्या, माणशी १,००० रुपये. त्यातून पाणी शुद्ध करायचं मशीन आणि पुस्तकांची कपाटं द्यायची होती. आदल्या दिवशी मी गाडी वॉशिंगला दिली, टाकीला आणि टोपणाला घासून पॉलिश मारलं, टाकी काठोकाठ भरली. सकाळी साडेसहाला रंकाळा टॉवरपासून निघालो. कळे गावाच्या अलीकडं गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला तरी ओढेना. चोक ओढला तर शंभर-दोनशे फूट गेली आणि बंद. सगळे थांबले. प्लग काढून पुसला, वायरी हलवल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं पेट्रोल संपलं असेल, म्हणून टोपण उघडून दाखवलं. टाकी भरलेली. मग किक मारली तर चालू! पुढं दहा-पंधरा किलोमीटरवर पुन्हा तेच, पुन्हा अर्धा तास. तिसऱ्यांदा असळजच्या पुढं. एका मित्रानं त्याच्या गाडीवरून माझ्या गाडीला पाय लावून तीन-चार किलोमीटर ढकलत नेलं. मग राईडचा कॅप्टन म्हणाला, आता कुणी हात लावू नका, आणि छोटा हत्ती बोलावला. त्याचे २,८०० रुपये जमलेल्या पैशातून दिले.

मुली दहापासून बसून होत्या, आम्ही साडेबाराला पोचलो. कॅप्टननं माईकवर सांगितलं, "एका खटाऱ्यामुळं उशीर झाला." सगळे हसले. एका लहान मुलीनं मला विचारलं, "दादा, तुझी गाडी दमली काय?"

तेव्हापासून मी ग्रुपवर एक शब्द टाकलेला नाही. एक मिस्त्री म्हणतो कॉइल गेली. दुसरा म्हणतो कार्बोरेटर बदल. तिसरा म्हणतो विकून टाक, गिऱ्हाईक मीच देतो. वडील म्हणतात, टेम्पो त्यांनी बोलावला, पैसे द्यायचे नाहीत. १ मेला पुढची राईड आहे, मित्र म्हणतो माझी नवी गाडी घेऊन चल. मी काय करू? ग्रुप सोडू का?

— बंद पडलेला, कळंबा

*

बंद पडलेल्या भावा,

तू मला ताई म्हणालास, मग मीही अरे-तुरेवरच येते. आमचं शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि वडिलांच्या मागं २२ वर्षं त्या काउंटरवर मी बसले. त्यामुळं मनाच्या गोष्टी नंतर, आधी गाडी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहून पाठवलंयस. "टोपण उघडून दाखवलं. मग किक मारली तर चालू!" तुझ्या लेखी ही वैतागाची ओळ आहे. माझ्या लेखी पत्रातली कामाची ओळ ती एकच.

घरात पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना आई काय करायची आठव. एकच भोक पाडलं तर तेल गुट गुट करत येतं, मधेच थांबतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. तेल बाहेर पडायचं तर तेवढीच हवा आत जावी लागते. तुझ्या गाडीची टाकी म्हणजे तोच डबा. पेट्रोल खाली पाईपनं कार्बोरेटरमध्ये आपल्या वजनानं उतरतं, आणि त्याची जागा घ्यायला वरून हवा येते ती टोपणातल्या बारीकशा भोकातून. ते भोक बुजलं की टाकीत पोकळीची ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी भरलेली, आणि इंजिन उपाशी.

आता आदल्या दिवशी तू काय केलंस ते बघ. वॉशिंगच्या पाण्याच्या माऱ्यानं टोपणावरची धूळ भोकात गेली असणार. त्यावर तू पॉलिश घासलंस. ते वाळलं की खडूसारखं घट्ट बसतं. भोक पूर्ण बंद झालं असतं तर तू फुलेवाडीसुद्धा ओलांडली नसतीस. माझ्या अंदाजानं ते अर्धंमुर्धं बुजलंय. म्हणून गाडी थोडी पळते, मग गुदमरते. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपते आणि वीस मिनिटांनी ती पुन्हा चालू होते. टोपण उघडलं तर लगेच चालू होते.

आणि रोजच्या वीस किलोमीटरला त्रास का नाही, तर रोज तू टाकीत दोन-तीनशेचंच पेट्रोल टाकतोस. वर मोकळी जागा भरपूर, तिथं हवा भरपूर. थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ लवकर बनत नाही, तोवर सिग्नल येतो, कंपनीचं गेट येतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नाही, त्यामुळं घोटभर पेट्रोल गेलं तरी ओढ बसते. वर ग्रुपबरोबर न थांबता एकसारखी साठ-सत्तरनं पळवायची, म्हणजे पेट्रोलची मागणीही सतत. तू गाडीचे लाड केलेस तिथंच ती रुसली.

तुझे मिस्त्री खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. (तिसरा सोडून. त्याच्याकडं गाडी पुन्हा नेऊ नकोस.) गरम झाली की बंद, गार झाली की चालू, हे ऐकलं की कुणीही आधी कॉइलचंच नाव घेतो, आणि त्यात चूक नाही. प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलमध्ये केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. ती कुठं तुटायला आली असेल, नाहीतर तिचं इन्सुलेशन फाटलं असेल, तर उष्णतेनं ती फाट उघडते आणि करंट तुटतो. गार झालं की पुन्हा जुळते. लक्षण अगदी तुझ्यासारखंच. पण दोन फरक आहेत, ते तुझ्या पत्रात आहेत आणि मिस्त्रीला तू बहुतेक सांगितले नसणार. करंट गेलेली गाडी दिव्याचं बटण दाबल्यासारखी खटकन बंद पडते. पेट्रोल न मिळालेली गाडी आधी आचके देते, ओढ सोडते, खोकते. आणि चोक ओढला की उरलंसुरलं पेट्रोल शोषून शंभर पावलं जाते. तुझी गेली. कॉइल मेली असती तर चोक ओढून काही उपयोग नव्हता, आणि टोपण उघडलंय का झाकलंय याच्याशी कॉइलला काय देणंघेणं?

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. राधानगरीकडचा एक शेतकरी होता, दुधाचे कॅन अडकवून गाडी चालवायचा. लक्षणं तुझीच. त्याला कॉइल मी विकली. दहा दिवसांनी परत आला, तेव्हा कार्बोरेटरचं किट मी विकलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुकानाबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या फिटरनं त्याला एवढंच विचारलं, "टोपण उघडून बघितलास का कधी?" पाच मिनिटांचं काम निघालं. काउंटरवर आमची पाटी होतीच, 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' तो पाटीकडं बघून काही न बोलता गेला. त्या कॉइलचे पैसे मी परत द्यायला हवे होते. तेव्हा दिले नाहीत. म्हणून तुला सांगते, तपासल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नकोस.

तपासायचं कसं, ते सांगते. घरासमोर मोकळ्या जागेत, गाडी पूर्ण गार असताना, जवळपास विडी-सिगारेट, चूल, गिझर काही नको. टाकी भरलेली हवी, नाहीतर खोड दिसणारच नाही. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, बंद कर. कार्बोरेटरला जाणारा पाईप कार्बोरेटरकडच्या टोकाला काढ आणि पेट्रोलला चालेल अशा मोठ्या डब्यात सोड. टोपण घट्ट लाव. कॉक चालू कर आणि बघत बस. धार एकसारखी लागली आणि दोन-तीन मिनिटं तशीच राहिली, तर पेट्रोलचा रस्ता साफ आहे, मग पुढं कॉइलकडं जाऊ. धार सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत थेंबावर आली, तर टोपण उघड. 'फुस्स' आवाज आला आणि धार पुन्हा सुरू झाली की चोर सापडला. टोपण उघडूनही धार बारीकच राहिली, तर कॉकमधली जाळी नाहीतर पाईप चोंदलाय. एवढ्या एका तपासणीत तीन गोष्टी कळतात, खर्च शून्य.

इथं बाकीच्या वाचकांसाठी थांबते. हे फक्त कार्बोरेटरवाल्या, पेट्रोल आपोआप उतरणाऱ्या गाडीचं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या पाईपमध्ये पंपानं दाबलेलं पेट्रोल असतं. तो पाईप घरी ओढून काढलात तर पेट्रोलची पिचकारी उडेल. त्या गाडीला हात लावू नका, ती दाखवायलाच न्या.

चोर टोपणच निघालं तर ते काढून रॉकेलमध्ये नाहीतर थोड्या पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेव. सकाळी वायरीतली तांब्याची एक बारीक तार घेऊन भोकातून हळूच फिरव, मग पंक्चरवाल्याकडं हवा मारून घे. काही टोपणांत आत छोटी गोळी किंवा रबरी पडदा असतो, तिथं तार खुपसून जोर करू नकोस. आणि कुणी सांगितलं की ड्रिलनं भोक मोठं करून देतो, तर नको म्हण. गगनबावड्याचा पाऊस तुला माहीत आहे, त्या भोकातून पाणी टाकीत जाईल. साफ होत नसेल तर नवं टोपण घे. ते कॉइलपेक्षा स्वस्तच पडेल.

चोर जाळी निघाली तर मात्र टाकीच्या आत बॅटरी मारून बघ. १९ वर्षं जुनी टाकी, कायम पाव भरलेली, म्हणजे वरच्या पत्र्याला गंज असणारच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसतं, आणि जुने रबरी पाईपही त्यानं खराब होतात. पाईप दाबून बघ, चिरा दिसल्या किंवा लिबलिबीत लागला तर बदल. ते काही रुपयांचं काम आहे.

आणि हे सगळं करूनही गाडी बंद पडली, तर रस्त्याच्या कडेला उभं राहून आधी टोपण उघड. चालू नाही झाली तर प्लग काढ, प्लगच्या कॅपमध्ये बसव, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकव आणि किक मार. पकडायचं ते रबरी कॅपला, प्लगला नाही, नाहीतर असा झटका बसेल की राईड विसरशील. आणि प्लगचं भोक आणि ठिणगी यांत अंतर ठेव. निळी, कडक ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर पहिल्या मिस्त्रीला नमस्कार कर आणि कॉइल घे. कॅप्टन म्हणाला कुणी हात लावू नका, ते त्याच्या घाईत बरोबर होतं. पण तिसऱ्या वेळीही कुणी टोपण उघडलं असतं तर त्या हत्तीची गरजच पडली नसती.

रस्त्याच्या कडेचा तो घोळका मला न बघताही दिसतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा आपल्या कोल्हापुरात घडवला, तेव्हापासून आपल्याकडं प्रत्येकाला वाटतं की यंत्र आपल्याला बघूनच घाबरतं. चाळीस जण आणि चाळीस निदानं. एक प्लग पुसतोय, एक वायर हलवतोय, एक म्हणतोय "माझ्या मेहुण्याच्या गाडीला असंच झालं होतं." अशा वेळी एकालाच हात लावू द्यायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुमच्या घोळक्यात तीन गोष्टी एकदम झाल्या आणि गाडी चालू झाली, म्हणून कशानं चालू झाली हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता मला राग आलाय ती गोष्ट.

गाडी बंद पडणं ही चूक नाही. पण एका गाडीसाठी ४१ गाड्या त्या रस्त्यावर थांबल्या, तीही जानेवारीत! उसाचा हंगाम, कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नाही. अर्ध्या गाड्या डांबरावर, अर्धे लोक पाठ करून गप्पा मारत, फोटो काढत. तुमच्यापैकी कुणाला काही झालं नाही, याचं श्रेय त्या ट्रॅक्टरवाल्याला द्या. वसतिगृहाच्या मुलींना जे अडीच तास थांबावं लागलं, तेही याच एका गोष्टीमुळं. तुझ्याबरोबर दोघं थांबले असते आणि बाकीचे ३८ पुढं गेले असते तर कार्यक्रम दहाला सुरू झाला असता. तू अकरा-साडेअकराला टोपण उघडत-झाकत पोचला असतास आणि माईकवर बोलायला कुणाकडं काही उरलं नसतं.

दिंडीत एकाच्या पायात काटा मोडला म्हणून सगळी दिंडी वाटेत बसते का? त्याच्याजवळ दोघं थांबतात, काटा काढतात आणि पुढच्या विसाव्याला गाठतात. चांगल्या राईडमध्येही हेच असतं. एवढ्या गाड्या एका झुंडीत नेतच नाहीत. आठ-दहांच्या तुकड्या करतात, प्रत्येक तुकडीला पुढं एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस, ज्याला रायडर लोक स्वीप म्हणतात. हा कुणालाही ओव्हरटेक करत नाही. पडला, बंद पडला, दमला, जो मागं राहील तो त्याचा. त्याच्याकडं प्लग, प्लगपाना, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, फ्यूज, पंक्चरचं किट, चिकटपट्टी एवढं असलं की ऐंशी टक्के भानगडी रस्त्यावर सुटतात. (ऐंशी हा माझ्या काउंटरवरचा अंदाज, कुठं छापू नकोस.) वळणावर पुढच्यानं मागचा दिसेपर्यंत थांबायचं. बंद पडलेली गाडी डांबराच्या पूर्ण खाली, वळण ओलांडून पुढं, हेल्मेट डोक्यावरच. कुणी जखमी असेल तर १०८, बाकी मदतीला ११२. आणि मागच्यांना कळावं म्हणून रस्त्यात दगड मांडले असतील तर निघताना ते उचलायचे. रात्री त्या दगडावरून दुसऱ्याच कुणाचा तरी जीव जातो.

हे सगळं ठरवायचं काम कॅप्टनचं. ते त्यानं केलेलं नव्हतं आणि त्याचा संताप तुझ्या गाडीवर निघाला. माईकवर खटारा म्हणणं हे त्याला शोभलं नाही. पण तो माणूस पहाटे उठून ४१ जणांची जबाबदारी फुकटात घेतो, हेही बघ की. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. एका संध्याकाळी रंकाळ्यावर चहाला बोलाव आणि दोन वाक्यं बोल. एक, "ते शब्द मला लागले." दुसरं, "१ मेला स्वीप मी होईन." पहिल्यावर तो काय म्हणतो याची फार वाट बघू नकोस. आपल्याकडचे बाप्ये माफी मागत नाहीत, जास्तीची भजी मागवतात. ती आली की समजून घे.

तुझं चुकलं नाही असंही नाही. राईडच्या आदल्या दिवशी गाडीला नवं काही करायचं नसतं. ना पॉलिश, ना सर्व्हिसिंग, ना नवी चेन. करायचं तर आठ दिवस आधी, आणि मग टाकी भरून पन्नास-साठ किलोमीटर एकट्यानं पळवून बघायचं. तू गाडी आरशासारखी केलीस आणि तिची परीक्षा चाळीस लोकांसमोर घेतलीस. आणि ते पाय लावून ढकलत जाणं! दोन्ही गाड्यांचा तोल एका माणसाच्या मांडीवर. समोर कुत्रं आडवं आलं की दोघंही ट्रॉलीखाली. दोरी बांधून दुचाकी ओढणं त्याहून वाईट. तुझ्या मित्राची माया कळते, पण पुढच्या वेळी त्याला म्हणावं, थांब, टेम्पो येऊ दे.

२,८०० रुपये दे.

वडिलांचं म्हणणं मला समजतं. टेम्पो त्यांनी बोलावला, तुला विचारलंही नाही. कॅप्टनकडं बोट दाखवायला जागा आहे. पण ते पैसे ना कॅप्टनचे होते ना ग्रुपचे. लोकांनी ते मुलींच्या पाण्यासाठी आणि पुस्तकांसाठी दिले होते, आणि त्यातून तुझी गाडी घरी आली. यात कुणाची चूक किती हे मोजत बसलास तर १ मे निघून जाईल आणि कपाटाचा एक खण कमी राहील. फक्त पैसे कॅप्टनच्या हातात देऊ नकोस, त्याचा उगाच दानशूरपणा होईल. थेट वसतिगृहाच्या नावानं भर, पावती घे, ती ग्रुपवर टाक आणि खाली एवढंच लिही, 'टेम्पोचे २,८०० वसतिगृहाला जमा केले.' बाकी एक अक्षर नको. स्पष्टीकरण नको, हात जोडलेली चित्रंही नकोत.

आणि त्याच वेळी पुढच्या राईडसाठी एक सूचना टाक. वर्गणीचे १,००० वेगळे आणि राईडच्या खर्चाचे माणशी १०० वेगळे. ४१ जणांचे ४,१०० होतात. टेम्पो, फर्स्ट एड, चहा त्यातून. उरले तर तेही वसतिगृहाला. धर्मादाय म्हणून गोळा केलेल्या पैशात पेट्रोल, बॅनर, नाश्ता मिसळायला लागलं की आधी कुणाला काही वाटत नाही, आणि दोन वर्षांनी हिशेब मागितला की भांडणं होतात. पेठेतल्या मंडळांत हे पुष्कळदा बघितलंय.

मित्राची नवी गाडी घेऊन जाऊ नकोस. कंजूषपणा म्हणून सांगत नाही. दुसऱ्याची गाडी ओळखीची नसते, ब्रेक किती लागतो, वळणावर किती झुकते हे हाताला माहीत नसतं, आणि चाळीस गाड्यांच्या मधे ते शिकायची जागा नाही. शिवाय तुझे वडील तुला दारातून त्या गाडीवर जाताना बघतील. पैशांवरून ते तुझ्याशी अडून बसलेत ना, त्यांच्या मनात २,८०० रुपये नसणार. त्यांच्या १९ वर्षांच्या गाडीला कुणीतरी माईकवर खटारा म्हणालं आणि तू ते ऐकून घेतलंस, हे त्यांना बोचतंय. पेट्रोलची ती तपासणी करशील तेव्हा त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसव. डबा त्यांच्या हातात दे. किक नाही मारता आली तरी धार कधी बारीक झाली ते त्यांना तुझ्याआधी दिसेल.

ग्रुप सोडायचा का, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस. माझं म्हणणं, १ मेला जा. सगळ्यात शेवटी, स्वीपच्या जागी. बंद पडल्यावर चाळीस जणांच्या मधे कसं उभं राहावं लागतं हे त्या ग्रुपमध्ये तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्या जागेवर मला तूच बरा वाटतोस. नंतर ग्रुप नकोसा वाटला तर सोड, तुझी मर्जी.

पण त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी लवकर टाकी काठोकाठ भर आणि एकट्यानं थेट वसतिगृहापर्यंत जाऊन ये. पॉलिश मारू नकोस. रस्त्यात कुठंही टोपण उघडायचं नाही, कळ्यात चहाला थांबलास तरी नाही. पोचलास तर त्या मुलीला गाडी दाखव, आणि पावतीही तिथंच घे. असळजच्या पुढं पुन्हा आचके द्यायला लागली तर मला परत लिही, आणि प्लगची ठिणगी कोणत्या रंगाची होती तेवढं बघून लिही.

— तुझी ताई